अभ्रकावरचं कुंकू

कुणी म्हणालं, "मशीनचं काय खरं, आपला हातच खरा," की माझं डोकं फिरतं. आणि कुणी म्हणालं, "हाताला काय कळतंय, आकडा काय सांगतो ते बघा," तरी फिरतं. घरचे म्हणतात, हिला दोन्हीकडून राग येतो, हिच्यापुढे बोलायची सोय नाही. नसू द्या. ज्या दिवसापासून मला ही खोड लागली तो दसऱ्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी माझ्यामुळे एक तीन दिवसांची पोरगी पंख्याखाली गारठून मरायला टेकली होती.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी हिंगणघाटच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होते, आणि तीही टेंपररी. टेंपररी म्हणजे काय हे ज्याने भोगलं नाही त्याला सांगून कळत नाही. विभागात चहा आला की कायम असलेल्यांना कपबशी मिळायची आणि मला प्रयोगशाळेतला बीकर. तरी मी अल्लीपूरच्या आमच्या भावकीतली पहिली एम. एस्सी. झालेली मुलगी होते, आणि बाबा बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला सांगायचे की माझी पोरगी शास्त्रज्ञ आहे. मी ते कधी खोडून काढलं नाही.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे सर म्हणायचे. सर पीएच.डी. करत होते. पन्नाशीला आले होते तरी करतच होते. विषय होता पातळ थरांचा. काचेचा मोठा घुमट घ्यायचा, पंपाने आतली हवा काढून टाकायची, मग आत ठेवलेला पदार्थ इतका तापवायचा की त्याची वाफ होऊन वर टांगलेल्या तुकड्यावर बसते. हा थर एवढा पातळ असतो की केसाची जाडी त्याच्यापुढे भिंतीसारखी. विद्यापीठाने टाकून दिलेलं एक यंत्र सरांनी कुठून तरी खटपट करून आणलं होतं. आणलं सरांनी आणि चालवलं मी. पंप गार ठेवायला पाणी लागायचं, नळ दुपारी बंद व्हायचा, म्हणून सकाळी दोन ड्रम भरून ठेवायचे. हवा काढायला तीन तास लागायचे, आणि नेमकी वाफ धरायच्या वेळेला लाइट जायची. लाइट गेली की दिवस गेला. असे किती दिवस गेले ते मी मोजणं सोडून दिलं होतं.

थर बसवायला अभ्रक लागायचा. सरांनी तो मुंबईहून मागवायचं ठरवलं होतं, म्हणजे तो येणार नव्हता. मग मी इस्त्री दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात गेले आणि जळालेल्या इस्त्र्यांमधले अभ्रकाचे पत्रे मागून आणले. चांगले भाग ब्लेडने सोलून, कात्रीने तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे केले. त्यावर जर्मेनियमचा थर दिला, दोन टोकांना केसासारख्या बारीक तारा जोडल्या. जर्मेनियमचा गुण असा की ऊब वाढली की त्याच्यातून वीज सोपी जाते, गारवा आला की अडते. एका लाकडी पेटीत मीटर बसवला, त्याच्या काट्यामागे कागद चिकटवून काळ्या शाईने अंशांच्या रेघा मी स्वतः मारल्या. तुकडा बोटाच्या चिमटीत धरला की काटा वर सरकायचा. पहिल्यांदा तो सरकला तेव्हा मी एकटीच होते आणि एकटीच हसले होते. तेवढा निखळ आनंद मला त्या नोकरीत पुन्हा कधी झाला नाही.

हे सगळं कशासाठी, तर सरांचे एक डॉक्टर मित्र होते. गावात त्यांचं खाजगी प्रसूतिगृह होतं. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायका तिथे यायच्या, आसपासच्या खेड्यांतल्याही यायच्या. डॉक्टरांचं म्हणणं, कमी वजनाची बाळं गारठतात आणि आपल्याला कळतच नाही. मोठं माणूस थंडीने कुडकुडतं. असलं बाळ कुडकुडत नाही, रडतसुद्धा नाही, गप्प होत जातं. पाऱ्याचा थर्मामीटर त्याच्या काखेत नीट बसत नाही, दर तासाला बाळ उघडं करून लावावा तर तेवढ्यानेच ते अजून गार होतं. कातडीला चिकटून राहील, वजन जाणवणार नाही आणि काटा बाहेर दिसत राहील असं काही करता आलं तर किती बाळं वाचतील! ते खरंच होतं. आजही खरं आहे. म्हणूनच तर राग येतो.

कुठे चिकटवायचं हे पाहायला मी आठवडाभर त्या वॉर्डात जात होते. तिथे एक आया होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. अल्लीपूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, गोंड समाजाच्या. त्यांची बहीण भेटायला आली की दोघी आपल्या भाषेत बोलायच्या, आणि नर्सबाई हमखास म्हणायची, काय ते कुजबुजता, मराठीत बोला. मावशी दर फेरीला प्रत्येक बाळाच्या पोटाला हाताची मागची बाजू लावायच्या आणि लगेच तळपायाला. पोट गरम, पाय गरम, तर बरं. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला आईजवळ द्यायचं. दोन्ही गार, तर धावायचं.

"बाई, तुमीबी लावून पाहा नं हात," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "मावशी, हाताने नक्की कळत नाही. माझा हात गार असला तर?"

"मंग अंगोदर चोळून घ्या," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाळाकडे गेल्या.

मी वहीत त्यांची ही पद्धत लिहून घेतली आणि तिच्यापुढे कंसात 'सब्जेक्टिव्ह' असं लिहिलं. तेवीस वर्षांची होते. शिकलेली होते. मूर्ख होते.

माझ्या त्या अभ्रकाच्या तुकड्याला मावशी टिकली म्हणायच्या. चकचकीत दिसायचा म्हणून. मग वॉर्डातल्या सगळ्याच म्हणायला लागल्या, आणि पुढे मीही.

चार टिकल्या तयार झाल्या होत्या, त्यांतली एक उत्तम. पाण्यात परीक्षानळी, नळीत टिकली आणि शेजारी पाऱ्याचा थर्मामीटर असं ठेवून मी तिला कितीदा तरी तपासलं होतं. चूक व्हायची ती पाव अंशाच्या आत. दमट हवेचा त्रास होऊ नये म्हणून थरावर पारदर्शक नेलपॉलिशचा लेप दिला होता. तो आणायला मी बांगड्यांच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदारीण म्हणाली, "बाई, लग्न ठरलं का?" अष्टमीला त्या टिकलीच्या तारा माझ्याच हातून तुटल्या. मी पुन्हा जोडल्या. नव्या जोडांवर लेप द्यायचा राहिला होता. उद्या देऊ, म्हटलं.

उद्या खंडेनवमी होती.

आमच्या घरी खंडेनवमीला वखर, डवरे, विळे, कुऱ्हाडी सगळं धुऊन पाटावर मांडायचे. बाबा हळदीकुंकू पाण्यात कालवून ओलं बोट प्रत्येकाला लावायचे, आणि मग दसऱ्यापर्यंत कुणी त्या हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांना बसू द्या, असं आई म्हणायची. मला ती पद्धत आवडायची. अजून आवडते. त्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही यंत्राची पूजा मांडली. घुमटाला हार घातला, पंपाला कुंकू लावलं. आणि मग मला वाटलं, राबणार तर टिकली आहे, तिलाच कसं विसरायचं? मला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी नाही, शिपायाने नाही. मी स्वतः करंगळी बुडवली आणि चारही टिकल्यांना एकेक बारीक ठिपका लावला. तुकडा तांदळाएवढा आणि बोट ते बोटच. ठिपका दोन्ही जोडांवर पसरला. सर म्हणाले, "वा, वा." फूल वाहिलं.

मी म्हटलं, "सर, जोडांना लेप द्यायचाय, आणि एकदा पाण्यात तपासून घ्यायला हवं."

"आता पूजा झाली. उद्या दहाचा मुहूर्त आहे, डॉक्टरांनी माणसं बोलावलीत. अष्टमीपर्यंत दहादा तपासलंत ना?"

तपासलं होतं. आणि खरं सांगायचं तर पूजलेल्या वस्तूला हात लावायला माझंही मन होत नव्हतं. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, सुरुवात चांगली होईल, असंही वाटत होतं. दोन वर्षं ड्रम भरणारी, ब्लेडने अभ्रक सोलणारी मी, पाच मिनिटांचं काम राहू दिलं. वाळलेल्या कुंकवाने काही झालं नसतं. पण ते ओलं झालं की त्याच्यातून वीज एका तारेवरून दुसऱ्या तारेवर परस्पर निघून जाते. वीज सोपी गेली की काटा ऊब दाखवतो. थराला काय वाटतंय ते विचारायचंच राहून जातं. हे सगळं मला पाठ होतं. याच विषयावर मी पोरांना प्रॅक्टिकलला प्रश्न विचारायचे.

दसऱ्याला दहा वाजता वॉर्डात वीसेक माणसं होती. नवजात बाळांच्या वॉर्डात वीस माणसं! डॉक्टरांचे स्नेही, कॉलेजच्या संस्थेतले दोघं, त्यांच्या बायका, एक फोटोग्राफर. चपला आत. ऑक्टोबरचा उकाडा, पाहुण्यांना घाम येत होता, म्हणून पंखा पुऱ्या जोरात. निवडलेलं बाळ म्हणजे जिनिंगमधल्या एका मजूर बाईची पहिली मुलगी, दीड किलोलाही न भरलेली. आईला बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं, कारण आत जागा नव्हती. पोरीच्या अंगाला तेल लावलेलं होतं. डॉक्टरांनी पोटावरचं तेल स्पिरिटने पुसलं, मग ओल्या बोळ्याने पुसलं, आणि त्या ओलसर कातडीवर मी चिमट्याने टिकली ठेवून वर पट्टी चिकटवली. फोटोत टिकली दिसावी म्हणून पोरीला उघडंच ठेवलं. पंख्याच्या बरोबर खाली.

काटा छत्तीस पॉइंट आठवर आला. टाळ्या वाजल्या. सरांचं भाषण सुरू झालं.

मावशी दाराशी उभ्या होत्या. दहा मिनिटं झाली असतील, त्या पुढे आल्या, पोरीच्या पायाला हात लावला आणि डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "साहेब, पंखा बंद करा नं. पोट्टी थंडी पडून राह्यली."

डॉक्टरांनी पेटीकडे बोट दाखवलं. "काटा बघ. सदतीस."

खरंच सदतीस होता. ती रेघ मीच मारलेली, चूक कशी असेल? पोरीच्या कातडीच्या ओलाव्याने कुंकू भिजत चाललं होतं आणि काटा वर सरकत होता. सरांनी भाषणात तेही घेतलं: बाळाला आता छान ऊब मिळत आहे, पाहा. एक पाहुणीण म्हणाली, "किती शहाणं बाळ आहे, एकदाही रडलं नाही!" मी ते ऐकलं. गप्प होत जाणारं बाळ म्हणजे काय हे मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि मी त्या बाईकडे बघून हसले.

मावशी माझ्याकडे आल्या. "बाई, पाय पाहा तिचे. पोटबी थंडं लागून राह्यलं."

"मावशी, काटा वर चाललाय," मी म्हटलं. "उलट ताप येईल की काय याची भीती आहे."

माझ्यापासून ती पोरगी हातभर अंतरावर होती. मी हात लांबवला असता तर पोचला असता. मी काट्याकडे बघत राहिले, सदतीस पॉइंट दोन, आणि वहीत आकडा लिहिला.

तिसऱ्यांदा मावशी मोठ्याने बोलल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं, भाषणाच्या मधेच. "पंखा बंद करा म्हनते मी!" सर थांबले. डॉक्टर म्हणाले, "बाहेर हो."

मावशी बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला, परत आल्या, पट्टी सोलून टिकली काढली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या वहीवर ठेवली. मग पोरीला उचललं आणि पाहुण्यांमधून वाट काढत बाहेर बाकापाशी गेल्या. तिच्या आईची चोळी सोडायला लावली, पोरीला तिच्या उघड्या छातीशी धरायला दिलं, वरून लुगडं, लुगड्यावरून घोंगडी.

"पोट्टी वाचन नं मावशी?" आईने विचारलं. वीस वर्षांचीही नसेल.

"वाचन. तू फकस्त हालू नको."

डॉक्टर ओरडत बाहेर आले. मशीनला हात लावायला कुणी सांगितलं, पाहुण्यांसमोर शोभा केली, वगैरे. मी त्यांच्या मागोमाग पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन आले. माझ्या मनात, काटा बरोबर होता हे दाखवावं असंच होतं. घोंगडीखाली हात घालून पोरीच्या काखेत तो धरून बसले. त्या थर्मामीटरवर पहिली रेघ पस्तीसची असते. पारा त्या रेघेपर्यंत चढलाच नाही. मी झटकून पुन्हा लावला. पुन्हा तेच. डॉक्टरांनी वाकून पाहिलं आणि त्यांचं ओरडणं बंद झालं. ते आत जाऊन म्हणाले, चला, खाली चहा आणि पेढे आहेत.

पाहुणे खाली गेले. आम्ही तिघी तिथेच. दोन तासांवर गेले असतील. आई भिंतीला टेकून बसली होती, पापणीसुद्धा हलवत नव्हती. मावशी मधूनमधून घोंगडीत हात घालून पाय चाचपायच्या. मी समोर फरशीवर बसले होते आणि त्या घोंगडीतून आवाज यावा म्हणून जेवढं बोलायचं ते देवाशी बोलून झालं होतं. मग आवाज आला. रडणं म्हणण्यासारखं नव्हतं, चिरका, बारीक. मावशी म्हणाल्या, "आली." आणि उठून कामाला गेल्या.

मी टिकली घेऊन कॉलेजात आले. सुट्टी होती, कुलूप उघडून घेतलं. भिंगाखाली धरली. दोन जोडांच्या मधे लालसर पिवळी, ओलसर रेघ. ती माझ्या करंगळीची होती.

संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. आपट्याची पानं हातात घेऊन ते दारात उभे होते. मला वाटलं होतं रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, "हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. त्या आयाबाईचे हात तेलकट असतात. दिवसभर मालिश करत असते. टिकली तिने हाताळली. बरोबर?"

"शेवटी हाताळली सर. काढताना."

"हाताळली ना? तेवढंच लिहायचं. डॉक्टरांनाही कागद हवाय, पाहुण्यांत बोभाटा झालाय." मग म्हणाले, "तुम्हाला कायम करण्याची फाइल पुढच्या महिन्यात संस्थेपुढे जाणार आहे. मीच शिफारस लिहितोय."

त्यांनी धमकी दिली नाही. माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला असं सांगत आले की मला करायला लावलं. कुणी लावलं नाही. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद पुढे आला: आयाच्या तेलकट हाताळणीमुळे उपकरण दूषित झाले आणि तिने परवानगीशिवाय ते ओढून काढल्यामुळे चाचणीत व्यत्यय आला. खाली माझं नाव, पदवीसकट. मी पेन काढलं आणि सही केली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. तिच्यातला चोर सुळीच्या कागदावर सहीसुद्धा करतो, हे तेव्हा शिकवलं नव्हतं.

मावशींना दुसऱ्याच दिवशी सांगितलं, येऊ नको. चौदा वर्षांची नोकरी एका दुपारी गेली. वॉर्डात कुणी तोंड उघडलं नाही. नर्सबाईने नाही, डॉक्टरांनी तर नाहीच, आणि थर्मामीटर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

पोरगी बाराव्या दिवशी आईबरोबर घरी गेली. सरांचा प्रबंध पुढे पुरा झाला. त्यात त्या दिवसाचा आलेख आहे, माझ्याच वहीतल्या आकड्यांचा, छत्तीस पॉइंट आठपासून सदतीस पॉइंट दोनपर्यंत चढत गेलेला. खाली लिहिलंय की संवेदक बाळाच्या तापमानातली सूक्ष्म वाढ टिपू शकतो. ती वाढ कुंकवाची होती. पोरगी त्या वेळी मरत होती. तो आलेख पाहून परीक्षकांनी शाबासकी दिली आणि सर डॉक्टर झाले.

हा प्रसंग अर्धामुर्धा ऐकलेले लोक मला म्हणतात, बघा, अंधश्रद्धा! मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटते. कुंकवाने काय केलं? लेप दिला असता आणि एकदा पाण्यात बुडवून पाहिली असती तर कुंकू लावूनही टिकली खरं तेच बोलली असती. पुढे मी तशाच टिकल्या केल्या, खरं बोलणाऱ्या, आणि त्यांनी बाळं जपली. टिकली वाईट नव्हती. पूजाही वाईट नव्हती. वाईट आम्ही होतो, वीस माणसं आणि एक पंखा.

दिवाळी झाल्यावर मी मावशींच्या गावाला गेले. अल्लीपूरला उतरून पुढे पायी. घरी कळलं की कापूस वेचायला गेल्यात. शेत लांब नव्हतं. दहाबारा बाया ओळीने वेचत होत्या, कमरेला कापसाने फुगलेल्या ओट्या. मावशींनी मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं पाहिलं, ओळखलं, पण हात थांबवला नाही. मी त्यांच्या ओळीत शिरले आणि त्यांच्या बाजूबाजूने चालायला लागले.

"मावशी, ते कुंकू मी लावलं होतं."

"मालूम हाय मले."

"कसं?"

"टिकली काढली तवाच दिसलं. हयद-कुकू का मले वयखू येत नाई?" त्यांनी एक बोंड झटकलं. "तेलाचा हात म्हने. तेल का लाल रायते?"

"मग तुम्ही बोलल्या का नाही? डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

तेव्हा त्या थांबल्या. माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्याचा मला आजही राग येतो.

"पंखा बंद करा म्हून तीनडाव बोलली मी. आयकलं का कोनं?"

मी म्हटलं, "माझी नोकरी पक्की व्हायची होती मावशी. मला भीती वाटली. जाईल म्हणून."

"गेली नं," त्या म्हणाल्या. "माही गेली." मग पुन्हा वेचायला लागल्या. दोन झाडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "ते पोट्टी कशी हाय?"

"बरी आहे. वजन वाढलंय म्हणतात."

"बरं झालं." आणि मान न वळवता, "आता तुमी इतल्या दूर आल्या तं एक करा. मले सांगून काय होते? डाक्टरले जाऊन सांगा. तुमचं आयकतीन. तुमचं आयकतेत ते."

मी म्हटलं, सांगते. आजच सांगते. त्या वेळी मी खोटं बोलत नव्हते. पाऊण तास चालत अल्लीपूरच्या स्टँडवर येईपर्यंत मी डॉक्टरांशी काय बोलायचं ते शब्दाशब्दाने ठरवलं होतं.

हिंगणघाटची एसटी आली. प्रसूतिगृहाच्या थांब्यावर गाडी थांबली. दोन पोटुशी बाया आणि त्यांच्याबरोबरची एक म्हातारी उतरली. कंडक्टरने दार धरून विचारलं, "आनखी कोनी हाय का दवाखान्याचं?"

मी तिकीट मुठीत धरून बसून राहिले. त्याने घंटी मारली.